लाईट जाऊन आली की लूप बरोबर चालतो, नायतर नाही

लोटे एमआयडीसीत व्हीएमसीवर (प्रोग्रामवर चालणारं उभ्या स्पिंडलचं मशीन) आहे, फानुक कंपनीचा कंट्रोल. हर्णैच्या बोटीच्या शाफ्टचे फ्लँज आलेत, गोल पीसीडीवर (होलांच्या मध्यांतून जाणारं वर्तुळ) १२ होल. मॅक्रो (आकडे बदलत फिरणारा प्रोग्राम) लिहिलाय, #१०० हा आकडा ठेवायचा कप्पा काउंटर म्हणून, व्हाइल लूपमध्ये #१०० एलई १२ (म्हणजे १२ किंवा कमी असेपर्यंत), कोन #१०० गुणिले ३०, शेवटी #१०० मध्ये १ मिळवतो. पहिला पीस झक्कास, दुसऱ्याला स्पिंडल फिरतो आणि सरळ एम३० (प्रोग्राम संपला), एक होल नाही! पावसात लाईट गेली, परत चालू केलं तर पुन्हा पहिल्यासारखं चाललं. भूत आहे काय?

मिरजोळेकर: भूत कसलं दादा, सुरुवातीला #१०० ला शून्य कुठे दिलंस? पहिल्या पीसनंतर त्यात १३ राहिले, अट खोटी, म्हणून लूपमध्ये शिरतच नाही. लाईट गेली की #१०० रिकामा होतो, अशा तुलनेत रिकामा म्हणजे शून्यच धरतो. काही मशीनवर पॅरामीटरप्रमाणे रिसेटनेही पुसतो, तुझ्याकडे तसं नसणार.

खेडची पोर: आणि एलई नको, एलटी (फक्त कमी) घाल. ० ते १२ म्हणजे १३ वेळा, शेवटच्या वेळी ड्रिल पहिल्याच होलात परत जातं. मी असंच करून रीम केलेलं (नेमक्या मापाला आणलेलं) होल मोठं करून बसले होते, सुपरवायझर दिवसभर बोलला नाही.

लोटेवाला: अरे हो, पहिल्या होलात डबल बुरादा दिसायचा! #१०० = ० टाकलं, चाललं. पीसची मोजणी मात्र #५०० मध्ये ठेवू ना, लाईट गेली तरी राहील?

मिरजोळेकर: हो, तिथेच ठेव.