मदत हवी आहे : ईसीटीनंतर आईला आठवत नाही

नमस्कार, आम्ही ऐरोलीला राहतो. आईचं डिप्रेशन गोळ्यांना दाद देईना, म्हणून भूल देऊन ईसीटी (मेंदूला विजेचे नियंत्रित झटके देण्याचा उपचार) सुरू आहे. गुण आलाय, ती पुन्हा जेवते, बोलते. त्यामुळे ‘बंद करा’ असं कृपया सांगू नका. पण गणपतीत घरी कोण आलं, मावशीकडचं लग्न, काहीच आठवत नाही आणि ती फार घाबरते. उपचारांच्या आसपासच्या काही आठवणी कायमच्याही जाऊ शकतात, नवीन लक्षात राहणं मात्र बहुधा काही आठवड्यांत सुधारतं, असं डॉक्टर म्हणाले. झटके डोक्याच्या फक्त उजव्या बाजूने, अल्ट्राब्रीफ पल्सने (विजेच्या अगदी कमी वेळाच्या स्पंदनांनी) दिल्यास विसर कमी पडतो, पण बैठका वाढू शकतात. कुणाच्या घरी मध्येच असा बदल केलाय का? ठाणे-वाशीकडे स्मरणशक्तीची नीट चाचणी करणारे क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट कुणाला माहीत आहेत का?