मदत हवी आहे: भाऊ इंग्लंडात, नळ गळतोय, उस्ताद भुसावळात

राम राम मंडळी. मी भुसावळचा, वीस वर्षं नळफिटिंग करतोय. धाकट्या भावाने इंग्लंडात जुनं घर घेतलंय. तिथल्या प्लंबरची मजुरी ऐकून म्हणाला, "दादा, तू व्हिडिओ कॉलवर सांग, मी करतो."

बाथरूमच्या लाकडी फळ्या उचलल्या तर खाली तांब्याचे पाइप, 15 आणि 22 मिमी, माप बाहेरून. आपला अर्धा इंची सीपीव्हीसी (प्लास्टिकचा) पाइप बाहेरून 15.9 मिमी भरतो, म्हणजे मी त्याच्यासाठी बांधून ठेवलेले एल्बो (वळणाचे जोड) बाद. नळाचे अर्धा इंची आटे मात्र दोन्हीकडे बीएसपीच, म्हणजे ब्रिटिश मापाचेच.

तिथे जोडात 'ऑलिव्ह' नावाची पितळी रिंग असते. नट आवळला की ती पाइपला घट्ट धरते. भावाने बैलजोर लावला, आता थेंब थेंब गळतंय. खाली आईने दिलेली वरणाची वाटी लावलीय!

चेपलेली रिंग पाइप न कापता निघते का? की तिथले प्लास्टिकचे पुश-फिट (नुसते दाबून बसणारे) जोड घ्यावेत, आणि ते फळ्यांखाली झाकले तर टिकतात का? शिवाय रस्त्याकडून येणारा पाइप राखाडी, मऊ आहे, नाण्याने खरवडला की चांदीसारखा चमकतो. मला तर शिसंच वाटतंय. तो कुणी बदलून घेतलाय का?

बॉयलरच्या गॅसला हात लावू नको, तिथल्या गॅस कारागिरांच्या 'गॅस सेफ' यादीत नोंद असलेलाच बोलव, हे बजावलंय.

शनिवारी तो पाणी बंद करून बसणार आहे. त्याआधी सांगा, फोटो असेल तर उत्तमच.