जुन्या रॅकला नवीन पिलर जुळत नाहीये, ब्रॅकेट डुगडुगतायत. काय करू?

कराडचा_किराणा
नमस्कार मंडळी. कराडला आमचं किराणा दुकान आहे, वडिलांपासूनचं. आत्तापर्यंत काउंटरवरून माल द्यायचो, आता गणपतीच्या आत सेल्फ सर्व्हिस करायचंय. बंद पडलेल्या एका मार्टमधून सहा खणांचे जुने रॅक घेतले, तीन फुटी, पत्रा एकदम दणकट. भिंत पुरी व्हायला अजून चार खण लागतायत म्हणून एका डीलरकडून एक नवीन पिलर, म्हणजे खाचांचा उभा खांब, आणि एक फळी सॅम्पल आणली. तो म्हणाला सगळे रॅक सेमच असतात, बिनधास्त घ्या. घरी येऊन जुना ब्रॅकेट (फळीखालचा हुकवाला आधार) नव्या पिलरला लावला तर आत जातोय पण खाली दाबला की घट्ट बसत नाही, हाताने हलवला की टकटक वाजतो. आणि एका बाजूला जुना पिलर, दुसऱ्या बाजूला नवा असं उभं करून खाचा मोजून फळ्या लावल्या तर खालची फळी सरळ, वरची मात्र उतरती!! बाबा म्हणतात वेल्डरकडून हुक भरून घे, बसेल. करू का तसं? उरलेल्या मालाची ऑर्डर अजून दिली नाहीये.

पत्रा_आणि_पिलर
दादा ऑर्डर थांबवा आणि वेल्डिंग तर अजिबात नको. हुक भरला की जाड होतो, मग हातोडीने ठोकून बसवता, खाचेचा काठ वाकतो, आणि तो पिलर मग कुठल्याच ब्रॅकेटचा राहत नाही. आधी एक काम करा. एका खाचेच्या वरच्या काठापासून पुढच्या खाचेच्या वरच्या काठापर्यंतचं अंतर म्हणजे पिच, पण एकच अंतर मोजू नका, टेपवर फरक कळणारच नाही. सलग 20 अंतरं मोजा, दोन्ही पिलरवर, आणि मिलिमीटरमध्ये इथे टाका. खणाची लांबीपण सांगा, एका पिलरच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत.

कराडचा_किराणा
मोजलं. जुना 508, नवा बरोब्बर 500. खण जुना 914 आहे, नवा 900.

पत्रा_आणि_पिलर
मग सापडलं. तुमचा जुना माल इंचातला आहे, खाच दर 25.4 ला, खण तीन फूट म्हणजे 914. नवीन मेट्रिक, खाच दर 25 ला. एका खाचेला 0.4 चा फरक म्हणजे काहीच नाही वाटतं, पण 48 खाचा वर गेलात की जुना पिलर 1219 वर आणि नवा 1200 वर, 19 मिलिमीटर झाले की. म्हणूनच वरची फळी उतरते. डुगडुगण्याचं कारण पण हेच, जुन्या ब्रॅकेटचे दोन हुक मध्ये एक खाच सोडून असतील तर त्यांच्यात 50.8 चं अंतर, नव्या पिलरला हवं 50, म्हणजे एकच हुक भार घेतोय आणि दुसरा नुसता लटकलाय. बाजारात 32 आणि 50 पिचचा मालपण आहे, पण तो लगेच ओळखू येतो, खाचांमधलं अंतर डोळ्यांनाच वेगळं दिसतं. हा 25 आणि 25.4 वाला फसवतो कारण तो आत जातो!

आता उपाय सांगतो. खणाला खण जोडताना मधला पिलर दोघांचा सामायिक असतो, तिथेच भांडण आहे. सामायिक ठेवूच नका. जुने सहा खण सात पिलरवर एका ओळीत, नवीन चार खण पाच पिलरवर वेगळे, नुसते शेजारी उभे. फक्त एक पिलर जादा लागेल. नव्या खणांना फळी, ब्रॅकेट, बॅक पॅनल, खालचा पाया सगळं एकाच ठिकाणचं घ्या. आणि जुन्या ब्रॅकेटवर आत्ताच ऑईल पेंटचा लाल ठिपका मारून ठेवा, दिवाळीच्या गर्दीत पोरं फळ्या हलवतात तेव्हा सगळं एकत्र होतं.

बारामतीची_मार्टवाली
भाऊंचं बरोबर आहे, पण दादा फळीच्या खोलीचं पण बघा. माल जास्त मावेल म्हणून आम्ही 300 च्या जागी 450 ची खोली घेतली, पिलर तेच 18 गेज जाडीच्या पत्र्याचे, आणि मधल्या फळीवर 5 लिटर तेलाचे कॅन लावले. महिनाभराने फळी पुढे झुकलेली दिसली, कॅन उतरवून बघितलं तर खाचेचा खालचा काठ ओठासारखा बाहेर आला होता, पावडर कोटिंग तडकलेलं. खोली दीडपट झाली की माल दीडपट मावतो आणि त्याचं वजनही पिलरपासून दीडपट लांब जातं, म्हणजे हुकावरची ओढ सव्वादोनपट होते. हे मला तेव्हा कोणीच सांगितलं नव्हतं. आता तेल, पीठ, साखर सगळं खालच्या पायावर, वर फक्त बिस्किटं, शेवया असलं हलकं. फरशी शहाबादी असेल तर ती कुठेच सपाट नसते, पायाचे बोल्ट फिरवून प्रत्येक पिलर ओळंब्यात घ्या, आणि भिंतीकडचे रॅक वरून भिंतीला बांधाच. लहान मुलं फळीवर पाय देऊन चढतात हो.

नवीन_दुकान_चिपळूण
माझ्याकडे भिंतीला स्क्रूने मारायचे स्लॉट चॅनेल आहेत, या रॅकचे ब्रॅकेट त्याला चालतील का?

पत्रा_आणि_पिलर
नाही. त्या चॅनेलचा सगळा भार स्क्रूवर आणि भिंतीवर जातो, हुकही वेगळा असतो. त्याला त्याचेच ब्रॅकेट घ्या, आणि 20 अंतरं मोजूनच.

कराडचा_किराणा
खूप खूप आभार दोघांचे. भिंतीवर खडूने आखून बघितलं. चार खण 914 चे धरले होते ते 900 चे झाले तर 56 मिलिमीटर वाचतात, जादा पिलर 30 चा, म्हणजे आरामात बसतोय. ताई, 450 ची खोली घ्यायचं ठरवलं होतं ते आता 300 केलं, डीलर पत्रा 18 चाच देतोय म्हणून. आणि आमची फरशी शहाबादीच निघाली, दारापासून कोपऱ्यापर्यंत पाण्याच्या नळीने बघितलं तर 22 मिलिमीटर उतार आहे. बाबा आत्ता खाली बसून जुन्या ब्रॅकेटवर लाल ठिपके मारतायत.