ठाणे खाडीत प्लवकाची जाळी तुंबते, घनता कशी काढायची?

ऐरोलीकर: ऐरोली ते वाशी पट्ट्यात प्राणिप्लवकांचे (पाण्यात तरंगणाऱ्या बारीक प्राण्यांचे) नमुने घेतोय. जाळी 50 सेंमी तोंडाची, 200 मायक्रॉनची, 10 मिनिटं ओढतो. तोंडापाशी पाणी फुगतं, बाहेर काढली की कापडावर राखाडी चिकट थर. फ्लोमीटर (जाळीतून किती पाणी गेलं ते मोजणारा पंखा) नाही. होडीच्या वेगावरून घनमीटर धरले तर कोपेपॉड (झिंग्याच्या कुळातले बारीक प्लवक) फारच कमी भरतात. रिफ्रॅक्टोमीटरची (थेंबभर पाण्यातून क्षारता दाखवणारं यंत्र) क्षारताही दर वेळी वेगळी येते. चूक कुठे होतेय?

गाळणी: घनमीटरच्या हिशेबात. तुंबलेली जाळी पाणी गाळत नाही, पुढे ढकलते. सेकंदाला 1 मीटर वेगाने 10 मिनिटं म्हणजे कागदावर 118 घनमीटर. खरं त्याहून कितीतरी कमी. ओढ अडीच मिनिटांवर आणा आणि फ्लोमीटर मिळवाच. तो तोंडाच्या बरोबर मध्यावर नको, मध्य आणि कडा यांच्या अर्ध्यात बांधा. नेहमीच्या पंख्याच्या यांत्रिक मीटरला ओढीआधीच्या आणि नंतरच्या आकड्यांतला फरक × 26873 ÷ 999999 म्हणजे मीटर. अडीच मिनिटांत फरक 5600 च्या आसपास यायला हवा (150 मीटर, 29 घनमीटर). 3400 आला तर पाणी गेलं 91 मीटरचंच, म्हणजे 18 घनमीटर. असं झालं की ओढ आणखी कमी करा. जाळी वर येताना पंखा हाताने धरा, नाहीतर तो वाऱ्यावर फिरतो आणि आकडा फुगतो.

300 मायक्रॉनवर जायचा मोह टाळा, ऑइथोनासारखे बारीक कोपेपॉड निसटतील. त्यापेक्षा लांब जाळी घ्या: उघड्या छिद्रांचं क्षेत्रफळ तोंडाच्या निदान पाचपट हवं. दिवसही निवडा. उधाणाला तळाचा गाळ उठतो. अष्टमीच्या भांगाला (भरती-ओहोटी कमी असते तेव्हा) पाणी निवळ असतं.

खारं_पाणी: जाळी धुताना पाणी बाहेरून मारा. आतून ओतलं तर त्या पाण्यातले प्लवकही मोजणीत येतात. कंगवा-जेली आल्या असतील तर फॉर्मलिन (नमुना टिकवायचं रसायन) घालण्याआधीच मोजून वेगळ्या काढा, नंतर त्या विरघळून नुसता चिखल राहतो. 500 मिलीच्या बाटलीत 50 मिली फॉर्मलिन, बोरॅक्स घातलेलं. आम्लता राहिली तर शिंपल्यांच्या अळ्यांची कवचं विरघळतात.

रिफ्रॅक्टोमीटर त्याच सावलीत ठेवलेल्या डिस्टिल्ड पाण्याने शून्यावर आणा. उन्हात तापलेलं यंत्र आणि काचेवरचा गाळ, दोन्ही दगा देतात. नमुना निवळू द्या, वरचंच पाणी घ्या. पावसाळ्यात वर गोडं, खाली खारं, म्हणून पृष्ठभाग आणि तळ दोन्ही मोजा.

विरघळलेल्या ऑक्सिजनला विंकलर (रसायनं घालून मोजायची पद्धत) करणार असाल तर अझाइडवाला (नायट्राइट काढून टाकणारा) अभिकर्मकच वापरा, सांडपाण्यातला नायट्राइट आकडा वाढवतो. बाटलीत बसणारा साका तपकिरी ऐवजी पांढरा दिसला तर ऑक्सिजन नाहीच. बाटली वाया गेली असं समजून फेकू नका.

ऐरोलीकर: फ्लोमीटर यायला महिना आहे. तोवर?

गाळणी: 10 लिटरची बादली, 20 वेळा, जाळीतून हळू ओता. 0.2 घनमीटर, वाद नाही. मात्र हे फक्त वरच्या थराचं, आणि मायसिडसारखे (छोट्या कोळंबीसारखे दिसणारे) चपळ प्राणी बादली पाहून पळतात. कोपेपॉडपुरतं चालेल. आणि फ्लेमिंगो अभयारण्याच्या हद्दीत असाल तर वनविभागाची परवानगी आधी.