एआय एजंटला एसव्हीजीत भूमितीच्या आकृत्या काढायला कोणतं टूल द्यावं?

समद्विभुज
मराठी माध्यमाच्या आठवी-नववीच्या सरावपत्रिकांसाठी आकृत्या हव्या आहेत. त्रिकोण, अंतर्वर्तुळ, कोनाच्या खुणा, आणि ‘पाया’, ‘उंची’, ‘त्रिज्या’ अशी लेबलं. सध्या मॉडेल थेट एसव्हीजी (आकृती मजकुराच्या रूपात लिहिण्याचं फाइल-स्वरूप) लिहून देतं. आयत, चौरस नीट येतात, पण अंतर्वर्तुळ बाजूंना टेकत नाही, कोनाचा कंस उलटा फुगतो, लेबलं रेषेवर चढतात. काम पायथनमध्ये आहे. तयार लायब्ररी पुरेल की स्वतःचा एमसीपी सर्व्हर (एजंटांना टूल्स पुरवणारा वेगळा प्रोग्रॅम) लिहावा? टूल्स, म्हणजे मॉडेलला बोलावता येणारी फंक्शन्स, किती ठेवावीत?

रेघोट्या
लायब्ररी कोणती हा प्रश्न नंतरचा. आधी मॉडेलकडून निर्देशक लिहून घेणं बंद करा. त्याने फक्त नातं सांगावं, आकडेमोड तुमच्या कोडने करावी.

उदाहरण घ्या. फलक ४०० बाय ३००, शिरोबिंदू (५०, २५०), (२९०, २५०) आणि (५०, ७०). काटकोनाच्या बाजू २४० आणि १८०, कर्ण ३००. क्षेत्रफळ २१६००, अर्धपरिमिती ३६०, म्हणून अंतर्वर्तुळाची त्रिज्या ६० आणि केंद्र (११०, १९०). मॉडेलने अंदाजाने केंद्र (१२०, १८०) दिलं तरी चित्र लांबून बरं दिसतं, पण वर्तुळ कर्णाला छेदून बाहेर जातं. विद्यार्थ्यापुढे अशी आकृती जाता कामा नये. ‘अंतर्वर्तुळ’ नावाचं टूल त्रिकोणाचा आयडी घेईल आणि हे गणित स्वतः करेल.

टूल्स आठ-दहा बास: बिंदू, रेषाखंड, बहुभुज, वर्तुळ, अंतर्वर्तुळ, कोनखूण, लेबल, बदल, पुसा, दाखवा. प्रत्येक टूलने आयडी आणि आकृतीला वेढणारी चौकट परत करावी. चूक झाल्यावर येणारा संदेशही कामाचा हवा. नुसतं ‘अवैध इनपुट’ म्हटलं तर एजंट तेच पुन्हा पाठवत राहतो. ‘बिंदू क सापडला नाही, उपलब्ध: अ, ब’ असं म्हटलं की टूलला घातलेल्या पुढच्याच हाकेला सुधारतो.

एसव्हीजी लिहायला ड्रॉएसव्हीजी ही पायथन लायब्ररी चालेल. छेदनबिंदू, अंतरं यांसाठी शेपली ही दुसरी लायब्ररी. एमसीपी सर्व्हर तेव्हाच लिहा जेव्हा हीच टूल्स एकाहून जास्त एजंटांना वापरायची असतील. एका स्क्रिप्टसाठी साधी फंक्शन्स पुरतात.

कोनमापक
कंस उलटा का फुगतो ते सांगतो. एसव्हीजीत वाय अक्ष खाली वाढतो, त्यामुळे कोन घड्याळाच्या काट्याच्या दिशेने वाढतात. वहीतल्या भूमितीत नेमकं उलट. शिवाय पाथमधल्या (रेषा-कंस जोडून आकार काढणाऱ्या घटकातल्या) कंसाला दोन झेंडे, म्हणजे ० किंवा १ असे पर्याय, लागतात: मोठा कंस की लहान, आणि कोणत्या दिशेने.

वरच्याच त्रिकोणात (२९०, २५०) या शिरोबिंदूवर ३० त्रिज्येची खूण घ्या. सुरुवात (२६०, २५०), शेवट (२६६, २३२). इथे मोठ्या कंसाचा झेंडा ०, दिशेचा १. दिशेलाही ० दिलं तर तीच दोन टोकं जोडणारा कंस शिरोबिंदूकडे फुगतो. तुमचं हेच होत असणार. हे झेंडे मॉडेलच्या हाती देऊच नका. कोनखूण टूलने शिरोबिंदू आणि दोन भुजा घ्याव्यात. काटकोन आला तर कंसाऐवजी चौकटीची खूण आपोआप काढावी.

आणखी एक: पूर्ण वर्तुळ एकाच कंसात काढता येत नाही. सुरुवात आणि शेवट एकच असला की तो कंस गाळला जातो. दोन अर्धे काढा, किंवा सरळ सर्कल हा घटक वापरा.

भराईचा मूळ रंग काळा असतो हेही लक्षात ठेवा. ‘फिल नन’ (भराई नको) लिहायचं राहिलं की अख्खा त्रिकोण काळा.

फॉन्टवाली
लेबलांकडे वेगळं बघावं लागेल. चाचणीला ‘त्रिज्या’ हाच शब्द घ्या. ऱ्हस्व वेलांटी, र-जोड आणि ज्य, तिन्ही त्यात आहेत. मजकुराची जुळणी न करणाऱ्या रेंडररमध्ये (एसव्हीजीचं चित्र उमटवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) वेलांटी भलतीकडे पडते आणि पाय मोडलेली अक्षरं सुटी दिसतात. हार्फबझ या अक्षरजुळणीच्या लायब्ररीसारखी जुळणी असलेला मार्ग घ्या: क्रोमियम ब्राउझर किंवा रीएसव्हीजी हा रेंडरर. पिलो या पायथनच्या चित्र-लायब्ररीने काही लिहिणार असाल तर राक्म लायब्ररी सोबत हवी.

डॉकरच्या छोट्या इमेजमध्ये (प्रोग्रॅम चालवायच्या बंदिस्त तयार प्रणालीत) बहुधा देवनागरी फॉन्टच नसतो, मग चौकोन दिसतात किंवा मजकूर गायब होतो. डेबियन लिनक्सवर ‘फॉन्ट्स-नोटो-कोअर’ हे पॅकेज टाका, किंवा ‘एक टाइप’ या संस्थेचा मुक्ता फॉन्ट प्रोजेक्टमध्येच ठेवा.

शब्दाची रुंदी अक्षरं मोजून काढू नका. ‘त्रिज्या’त युनिकोडची आठ चिन्हं आहेत, पण डोळ्याला दिसतात दोन अक्षरं. क्रोमियममध्ये मजकुराची चौकट मोजून घ्या आणि लेबल टूलला ‘बाजूच्या बाहेर, ८ एककं’ असं स्थान घेऊ द्या. उभ्या मधोमध मांडणीचा गुणधर्म सगळे रेंडरर सारखा पाळत नाहीत, म्हणून चौकटीवरून वाय स्वतः काढलेला बरा.

संभाषण मराठीत असेल तर मॉडेल कधी त्रिज्या "६०" अशी देवनागरी अंकांत, मजकूर म्हणून पाठवतं. पायथनचं इंट (मजकुराचा पूर्णांक करणारं फंक्शन) ती मुकाट्याने स्वीकारतं. पण रूपांतर न करता तीच थेट एसव्हीजीत गेली तर वर्तुळ उमटतच नाही. टूलच्या स्कीमात (इनपुटच्या नियमांत) प्रकार पूर्णांक ठेवा, किमान-कमाल मर्यादा घाला.

समद्विभुज
हे फार उपयोगी. एजंटला चित्र परत दाखवायचं का? त्याने खर्च वाढेल.

रेघोट्या
दाखवा, पण प्रत्येक हाकेनंतर नको. आकृती पूर्ण झाल्यावर दुप्पट आकारात पीएनजी काढा, त्यावर दर ५० एककांना फिकट जाळी आणि आकडे. ही जाळी फक्त पाहणीच्या प्रतीत. सोबत आकडेही द्या: कोणतं लेबल कोणत्या रेषेला छेदतं, काय फलकाबाहेर जातं. बारीक टक्कर मॉडेलला चित्रात हुकते, आकड्यांत हुकत नाही. चौकट मोजताना रेषेची जाडी धरा. ४ जाडीची रेषा फलकाच्या कडेवर असेल तर २ कापली जाते. दुरुस्तीच्या फेऱ्या तीनवर थांबवा. त्यापुढे एजंट बरोबर असलेलंही हलवतो.

कोनमापक
साध्या चिन्हांसाठी, म्हणजे बाण, तारा, चौकट, थेट एसव्हीजी लिहून घेतलं तरी चालतं, तिथे एवढा पसारा नको. मात्र ते वेब पानावर लावण्याआधी गाळा: स्क्रिप्ट, फॉरेनऑब्जेक्ट (एसव्हीजीत एचटीएमएल घुसवणारा घटक), बाहेरचे दुवे आणि ‘ऑन’ने सुरू होणारे गुणधर्म. मान्य घटकांचीच यादी ठेवून बाकी सगळं टाकून देणं जास्त सुरक्षित. पायथनमध्ये अशी फाइल सुरक्षितपणे वाचायला डिफ्यूज्डएक्सएमएल ही लायब्ररी वापरा.

फॉन्टवाली
छापखान्यात फाइल जाणार असेल तर इंकस्केप या चित्रकलेच्या प्रोग्रॅमच्या कमांडने मजकुराचे पाथ (अक्षरांच्या जागी नुसते आकार) करून द्या, त्यांच्याकडे फॉन्ट असेलच असं नाही. मूळ मजकुराची फाइल वेगळी जपा. पाथ झालेली ‘उंची’ पुन्हा ‘लंब’ करता येत नाही.