मदत हवी आहे: नवीन ड्रायव्हर दोन रेसनंतर येणं बंद करतात, नवख्यांच्या क्लासला मोटर कोणती ठेवावी?

लॅप_मोजणी
आमच्या रिमोट कंट्रोल गाड्यांच्या रेसिंग क्लबमध्ये नवीन लोक येतात, दोन रेस करतात, तिसऱ्या वेळी दिसत नाहीत. म्हणून नवख्यांसाठी वेगळा क्लास काढायचं ठरलंय. गाडं मोटरवर अडलंय. काहींना २१.५ टर्न ब्रशलेस हवी (टर्न म्हणजे तारेचे वेढे, जास्त वेढे तितकी मोटर मंद), काहींना साधी ५४० आकाराची ब्रश मोटर. पुढच्या रेसआधी नियम लावायचेत, त्यामुळे जरा लवकर सांगा. कुणाकडे नियमांचा मसुदा तयार असेल तर तोही द्या.

गिअरमेश
गाडी कुठली? १/१० टूव्हील बग्गी, शॉर्ट कोर्स ट्रक, टूरिंग की १/२८? ट्रॅक मातीचा की कार्पेटचा? एका हीटमध्ये, म्हणजे एकत्र पळणाऱ्या गटात, किती गाड्या सोडता? लॅप किती सेकंदांचा? यातलं काहीच लिहिलेलं नाही. मोटर कशावर बसणार हे कळल्याशिवाय कोण काय सांगणार?

पिनियन_तीस
१/१० असेल तर २१.५ ठेवा, विषय संपला. मोटर फिक्स टायमिंगची घ्या, म्हणजे मागची टोपी फिरवून टायमिंग आणि त्याबरोबर वेग वाढवता येत नाही. ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारं यंत्र) ब्लिंकी मोडमध्ये हवा. टायमिंग शून्य असलं की त्याचा दिवा लुकलुकतो, त्यामुळे स्टार्टलाच नुसत्या डोळ्यांनी तपासणी होते. बॅटरी टूएस (दोन सेलची), पूर्ण चार्ज ८.४ व्होल्ट, त्याच्या वर नाही. आणि एफडीआरला, म्हणजे चाकाच्या एका फेरीला मोटर किती फेऱ्या मारते त्या आकड्याला, मर्यादा घाला. हिशेब असा: स्परचे (मोठ्या गिअरचे) दात भागिले पिनियनचे (मोटरवरच्या छोट्या गिअरचे) दात, गुणिले गिअरबॉक्सचं आतलं प्रमाण. स्पर ७२, पिनियन ३० आणि आतलं प्रमाण २.६ असेल तर २.४ गुणिले २.६, म्हणजे ६.२४. नियमात 'एफडीआर अमुक आकड्याच्या खाली नको' एवढं लिहा, दात मोजून दोन मिनिटांत तपासून होतं. मर्यादा नसेल तर कुणीतरी मोठा पिनियन लावणार, सरळ रस्त्यावर पळणार आणि मोटर भाजून घेणार.

स्लिपर_क्लच
असहमत. नवख्याला २१.५ म्हणजे सेन्सर वायर, ईएससीचं प्रोग्रॅमिंग, ब्लिंकी आहे की नाही याची कटकट. २७ टर्नच्या बंद डब्याच्या ५४० मध्ये फिरवायलाच काही नसतं. दोन वायर जोडा आणि चालवा. ईएससीही साधा चालतो.

पिनियन_तीस
फिरवायला काही नसतं हे खरं, पण दोन ५४० सारख्या नसतात. त्याच खोक्यातल्या पाच काढून एकाच व्होल्टेजवर फिरवून बघा, आवाजातच फरक कळेल. मग ज्याला परवडतं तो पाच घेतो, त्यातली चांगली ठेवतो. वर ब्रश झिजतात आणि बंद डब्यात ते बदलता येत नाहीत. महिन्यागणिक गाडी हळू होत जाते आणि नवख्याला वाटतं आपणच बिघडलो.

स्लिपर_क्लच
त्यावर उपाय आहे. मोटरी क्लबने घ्यायच्या, प्रत्येकीवर नंबर टाकायचा, रेसच्या सकाळी चिठ्ठ्या टाकून वाटायच्या, संध्याकाळी परत घ्यायच्या. कुणालाच निवडायला मिळत नाही.

गिअरमेश
आणि दर सकाळी दहा जणांनी मोटर बसवून मेश (पिनियन आणि स्परच्या दातांमधलं अंतर) लावत बसायचं? नवख्याच्या हातून मेश घट्ट बसतो, पहिल्या हीटमध्ये स्पर जातो. धागाकर्त्याने अजून माझ्या प्रश्नांना उत्तर दिलेलं नाही.

लॅप_मोजणी
अहो, प्रश्न मोटरचा आहे, ट्रॅकचा नाही. तरी लिहितो. १/१० टूव्हील बग्गी, आतला कार्पेट ट्रॅक. सध्या १७.५ ब्लिंकी, टायर खुले, म्हणजे कुठलेही चालतात. सगळे मिळून अठरा जण, नऊ-नऊच्या दोन हीट, पाच मिनिटांच्या. पुढच्यांचा लॅप २८ सेकंद, नवख्यांचा ३७-३८. आता मोटर सांगा.

तिरकी_लाईन
या आकड्यांत उत्तर आहे, आणि ते मोटर नाही.

पाच मिनिटं म्हणजे ३०० सेकंद. २८ च्या ड्रायव्हरचे दहा लॅप पूर्ण होऊन अकरावा चालू असतो, ३८ वाल्याचे सात पूर्ण होऊन आठवा संपत आलेला. म्हणजे नवख्याला प्रत्येक पुढच्या गाडीकडून किमान दोनदा लॅप व्हायचंय, म्हणजे एक अख्खी फेरी मागे पडून ओलांडलं जायचंय. हीटमध्ये अशा पाच गाड्या असतील तर पाच मिनिटांत दहा वेळा कुणीतरी मागून येणार. प्रत्येक वेळी त्याने मागून येणाऱ्या गाडीकडे बघायचं, की स्वतःची गाडी आपल्याकडे तोंड करून येताना तिचं स्टिअरिंग उलटं लागतं हे सांभाळायचं? यात गाडी उलटते. मार्शल (उलटलेली गाडी सरळ करणारा माणूस) येईपर्यंत ८ सेकंद धरा. पाच वेळा उलटली की ४० सेकंद गेले, म्हणजे अख्खा एक लॅप. २१.५ लावून हे बदलत नाही, उलट वेगातलं अंतर वाढतं.

लोकांना गाडीवरून विभागू नका, ड्रायव्हरच्या वेगावरून विभागा. सकाळच्या सरावात प्रत्येकाच्या सलग तीन लॅपची सर्वात चांगली बेरीज काढा, टायमिंगचं सॉफ्टवेअर ती देतं. एकच लॅप धरू नका, तो नशिबानेही लागतो. सलग तीन लागायला हात बसलेला असावा लागतो. त्या यादीवरून हीट पाडा. गाडी कुणाचीही असो.

लॅप_मोजणी
हीट दोनच आहेत हो. सलग तीन लॅपवरून पाडल्या तरी दुसऱ्या हीटमध्ये ३१ वालाही येणार आणि ४० वालाही.

तिरकी_लाईन
तीन करा, सहा-सहाच्या. एक हीट वाढली तर एका फेरीला सहा-सात मिनिटं वाढतात, एवढंच. सहा गाड्यांत नवख्याला स्वतःची गाडी नजरेत ठेवता येते.

आता मार्शलचा क्रम. आपली हीट संपली की पुढच्या हीटला मार्शल व्हायचं ही पद्धत तुमच्याकडेही असेलच. मग सर्वात वेगवान हीट नवख्यांच्या लगेच आधी ठेवा, म्हणजे नवख्यांच्या गाड्या उचलायला सर्वात सरावलेले लोक मिळतात. नवख्यांच्या नंतर मधली हीट. नवखे मार्शल असताना उडीच्या उताराजवळ आणि आंधळ्या वळणावर एक-एक जुना माणूस द्या.

शेवटची_हीट
मार्शलिंगवर +१. नव्या मार्शलला चार गोष्टी तोंडी सांगाव्या लागतात. नजर आपल्या तुकड्यावर, लीडरच्या गाडीवर नाही. गाडी उचलायला धावण्याआधी येणारी गाडी बघायची. गाडी जिथे अडली तिथेच, जाण्याच्या दिशेने तोंड करून ठेवायची, पण मोकळी जागा मिळाल्यावर. आणि रेस चालू असताना ट्रॅकवर उभं राहून दुरुस्ती करायची नाही. लिंक निघाली असेल तर गाडी बाजूला ठेवायची, ड्रायव्हरला सांगायचं.

बग्गी_बाराशे
बॅटरीबद्दल कुणी बोललंच नाही. लायपो (लिथियम-पॉलिमर बॅटरी) पूर्ण चार्ज करून आठवडाभर ठेवली की फुगू शकते. स्टोरेज चार्ज एका सेलला ३.८ व्होल्ट. चार्ज १सी ने, म्हणजे ५००० एमएएच ला ५ अँपिअर. चार्ज नेहमी लायपो बॅगमध्ये आणि बॅलन्स वायर लावूनच. ईएससीचा कटऑफ एका सेलला ३.२ व्होल्टच्या आसपास ठेवा.

गिअरमेश
बरोबर आहे, पण धागा त्याबद्दल नाही.

स्लिपर_क्लच
वेगावरून विभागणी केली तर लोक मुद्दाम हळू चालवून खालच्या हीटमध्ये राहतात आणि तिथे जिंकतात. त्यापेक्षा ब्रेकआउट ठेवा. ठरलेल्या वेळेपेक्षा जलद लॅप मारला की तो लॅप मोजायचा नाही. ३३ सेकंद ठेवा.

तिरकी_लाईन
ब्रेकआउटला माझा ठाम विरोध. ज्या दिवशी नवखा पहिल्यांदा ३२.९ मारतो, त्या दिवशी त्याचा लॅप खोडायचा? सुधारणेला शिक्षा करणारा नियम नवख्यांच्या क्लासमध्ये तर अजिबात नको. शिवाय ३३ च्या जवळ आलेला माणूस शेवटच्या वळणावर ब्रेक मारून थांबतो आणि मागचा त्याच्यावर आदळतो.

वर ढकलण्याचा नियम वेगळा करा. दिवसभरातल्या, सरावासकट, सर्वात चांगल्या सलग तीन लॅपची सरासरी धरा. वरच्या हीटमधल्या सर्वात मागच्या ड्रायव्हरचं सरासरी लॅप ३१ असेल तर त्याच्या १० टक्क्यांच्या आत, म्हणजे ३४.१ च्या खाली, दोन वेगवेगळ्या रेसदिवशी गेला की वर. मुद्दाम हळू राहायचं तर दिवसभर एकदाही नीट चालवता येणार नाही, तेवढा संयम फार कुणाकडे नसतो.

पिनियन_तीस
पण वर गेला की तिथे तो पुन्हा शेवटी. एकदम नऊ सेकंदांचं अंतर नको म्हणूनच तर २१.५.

तिरकी_लाईन
मोटर मंद ठेवायला माझी हरकत नाही. २१.५ चांगलीच आहे, नवखा तिच्यावर शिकतो. माझं म्हणणं इतकंच की ती आधी नाही, नंतर. ज्यांच्याकडे १७.५ आधीच आहे त्यांना मोटर बदलायला लावू नका. ट्रान्समीटरमध्ये थ्रॉटलचा एंड पॉइंट (कमाल मर्यादा) ७० टक्क्यांवर आणा. क्रम मात्र चुकवू नका. आधी १०० टक्क्यांवर ईएससी कॅलिब्रेट करायचा आणि मग एंड पॉइंट खाली आणायचा. उलट केलं तर ईएससी ७० लाच पूर्ण थ्रॉटल समजतो आणि गाडी होती तेवढीच पळते. ब्रेकचा एंड पॉइंट तसाच राहू द्या. ईएससीत पंच (थ्रॉटल देताच मिळणारा जोर) असेल तर तोही सर्वात कमी.

शेवटची_हीट
स्टार्ट कसा देता? ग्रिडवरून सगळे एकदम?

लॅप_मोजणी
हो, एकदम. पहिल्या वळणावर दर वेळी ढीग होतो. नवखे तिथेच अडकतात.

शेवटची_हीट
मग तिथूनच सुरुवात करा. क्वालिफाइंगमध्ये स्टॅगर स्टार्ट द्या: एकेक गाडी दोन-तीन सेकंदांच्या अंतराने सोडायची आणि प्रत्येकाचं घड्याळ त्याच्या गाडीने लूप (लॅप नोंदवणारी ट्रॅकवरची रेषा) ओलांडल्यावर सुरू. जागेसाठी कुणाशी भांडायचंच नाही, स्वतःच्या वेळेशी स्पर्धा. नवख्यांच्या फायनललाही पहिले काही महिने हेच ठेवा.

घोषणा करणाऱ्यालाही एक काम द्या. लॅप करणारी गाडी आली की लॅप होणाऱ्याचा नंबर घेऊन सांगायचं: 'चार नंबर, मागे लीडर, आपल्या लाईनवरच राहा.' 'बाजूला हो' म्हणू नका. बाजूला होताना नवखा नेमका ओलांडणाऱ्याच्या लाईनवर येतो. ओलांडायची जबाबदारी मागच्याची, पुढच्याने फक्त रुंद जागी थ्रॉटल किंचित सोडायचा.

गिअरमेश
टायर खुले आहेत हे कुणाच्या लक्षात आलं का? कार्पेटवर नव्या माणसाने दुकानातून जे मिळतील ते पिन (छोट्या काट्यांचे) टायर पुढे लावले की दर वळणावर गाडी पुढच्या बाहेरच्या चाकावर पलटी खाते. त्याला वाटतं आपण वेगात होतो. वेग नसतो, पुढची ग्रिप जास्त असते. क्लासला एकच टायर ठरवा, पुढचा आणि मागचा. टायरला लावायचं सॉस (ग्रिप वाढवणारं द्रव) बंद करा.

पिनियन_तीस
सॉस बंद कसं तपासणार? वासावर?

गिअरमेश
सॉस लावून मुरवायला वेळ आणि जागा लागते. टायर क्लबच्या टेबलवर ठेवायचे, स्टार्टआधी पाच मिनिटं परत द्यायचे. टायरही सगळ्यांना एकच, त्यामुळे तपासायला सोपं.

स्लिपर_क्लच
नवख्याची गाडी पलटी मारते ती राइड हाइट (चॅसिसची जमिनीपासूनची उंची) जास्त असते म्हणूनही. मातीच्या सेटिंगवर २२-२४ मिलिमीटर ठेवलेली गाडी तशीच कार्पेटवर आणतात. १६ ते १८ वर आणा. टायर बदलण्याआधी हे करा, यात काही विकत घ्यावं लागत नाही.

गिअरमेश
सहमत, आधी राइड हाइट.

शेवटची_हीट
रेसच्या सकाळी नवख्यांसाठी एक टेबल राखून ठेवा, एक जुना माणूस बसवा. १.५, २ आणि २.५ मिलिमीटरचे हेक्स, ५.५ आणि ७ चे नटड्रायव्हर. त्याने प्रत्येक गाडीत एवढंच बघायचं: चाकाचे नट घट्ट, पिनियनचा ग्रब स्क्रू घट्ट, मेशमध्ये कागदाची पट्टी फिरवून काढली तर ती घडी पडलेली पण न फाटलेली, सेन्सर वायर आत बसलेली. मग चाकं हवेत धरून थोडा थ्रॉटल द्यायचा आणि ट्रान्समीटर बंद करायचा, चाकं थांबली पाहिजेत. नाही थांबली तर फेलसेफ (सिग्नल गेला की गाडी थांबवणारी सेटिंग) लावलेला नाही, ती गाडी ट्रॅकवर सोडू नका. ट्रान्सपाँडर (लॅप नोंदवण्यासाठी गाडीत बसवायचं यंत्र) चॅसिसवर खाली, मोटरच्या जाड वायरींपासून लांब, नाहीतर लॅप सुटतात. लॅपच नोंदला गेला नाही तर पाच मिनिटं चालवून काय मिळवलं त्याने?

लॅप_मोजणी
काल रेस झाली. सहा-सहाच्या तीन हीट, वेगवानांच्या नंतर नवखे, क्वालिफाइंगला स्टॅगर. मोटर आहेत त्याच, थ्रॉटल ७० वर. पहिल्या वळणावरचा ढीग बंद झाला. प्रत्येकाला हीटनंतर सर्वोत्तम लॅप आणि सरासरी लॅप छापून दिली. एकाचा या दोन्हींतला फरक सकाळी नऊ सेकंद होता, शेवटी चार. तो कागद त्याने खिशात घालून नेला. टायर मात्र अजून खुलेच आहेत, आणि दोन गाड्या राइड हाइट १७ वर आणूनही उडीनंतरच्या डावीकडच्या वळणावर पलटी होतात. नवीन टायर येईपर्यंत काय करू?

गिअरमेश
पुढच्या टायरची बाहेरची कड चिकटवा. टायरची बाजूची भिंत स्पिरिटने पुसून घ्या. पातळ सीए ग्लूचा (सुपरग्लूचा) एक थर भिंतीवर, पिनच्या सर्वात बाहेरच्या ओळीच्या मुळापर्यंत, चाक हातात फिरवत सारखा लावा. दहा मिनिटं वाळू द्या. बोट फिरवल्यावर भिंत रबरासारखी न लागता नखासारखी कडक लागली पाहिजे. दोन्ही चाकांना सारखाच. मग चालवून बघा. तरी पलटी झाली तर दुसरा थर. एकदम जाड लावू नका, गाडी वळायचीच बंद होईल आणि तो ग्लू परत निघत नाही. डावीकडच्या वळणावर भार उजव्या चाकावर येतो म्हणून एकालाच लावायचा मोह होईल. तसं करू नका, उजवीकडे वळताना ती गाडी वेगळीच वागेल.

लॅप_मोजणी
लावतो. मधली ग्रिप तशीच राहील ना?

गिअरमेश
हो. सरळ आणि हलक्या वळणात टायर मधल्या पिनवर चालतो. कड टेकते ती गाडी कलल्यावरच, आणि तेव्हा ती रुतण्याऐवजी घसरली पाहिजे.