मदत हवी आहे: ‘हेडेक’, ‘टूथेक’मधल्या इंग्रजी ‘एक’ला (ache) मराठी शब्द

रुग्णांसाठीच्या माहितीपत्रकात ‘पेन’ला (pain) ‘वेदना’ चालतं. पण ‘एक’ म्हणजे मंद, रेंगाळणारं दुखणं. कळ, चमक, सणक क्षणात येऊन जातात. ठणका ठोक्यागणिक उसळतो, तो गळवाला शोभतो. ‘कणकण’मध्ये ताप डोकावतो. ‘रग लागणे’ जवळचं, पण ते श्रमलेल्या हातापायांपुरतं. दाढेला कुठली रग लागायला!

व्युत्पत्तीची टीप तयार आहे. जुन्या इंग्रजीत क्रियापदात ‘क’ होता, नामात ‘च’, म्हणजे ‘स्पीक-स्पीच’सारखी जोडी. उच्चार टिकला क्रियापदाचा, स्पेलिंग मात्र ‘सीएच’चं. ते रूढ झालं मुख्यतः सॅम्युअल जॉन्सनच्या १७५५च्या कोशामुळे. त्याने मूळ ग्रीक ‘आखोस’ धरलं, तेही चुकीचं.

दाढ, कंबर, पोट तिन्हींना चालेल असा शब्द तुमच्या बोलीत आहे का? वाक्यात वापरून सांगा, म्हणजे क्रियापद कोणतं लागतं तेही कळेल.